कार सीट घेण्याआधी बाळाला बसवून बघ

अगं, खोक्यावर ‘जन्मापासून’ लिहिलंय म्हणून भुलू नकोस. तुझं बाळ अडीच किलोचं, त्याला प्रत्यक्ष बसवून बघ. मागे तोंड करून बसवताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून यायला हवेत. पट्ट्यांची सगळ्यात खालची खाचही कानापाशी येत असेल, तर ती सीट त्याला अजून मोठी आहे. अशा वेळी पाठीमागे दुपटी कोंबायची नाहीत. सीटसोबत आलेली गादीच वापर. हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो, म्हणून सीटचा कलही तपास.

मग तुमच्या गाडीत लावून बघ. आमच्या छोट्या हॅचबॅकमध्ये उलटी सीट बसली, पण पुढे ह्यांचे गुडघे डॅशबोर्डला! गाडीत आयसोफिक्स, म्हणजे कार सीट अडकवायच्या तयार कड्या, असतील तर बसवणं सोपं. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मात्र उलटी सीट कधीच नको.

आर१२९ या कार सीटच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात 15 महिन्यांपर्यंत मागेच तोंड. मी तर त्यानंतरही ठेवलं. सासूबाई म्हणतील, ‘दादर-ठाणे तर जायचंय, मांडीवर घे.’ घेऊ नकोस. आणि मे महिन्यात बसवण्याआधी बकलला हात लावून बघ, चटका बसतो.