सहा माणसांच्या घरासाठी २८ लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यावी का?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसले. पुण्यात फ्लॅट, घरात सहा माणसं, महिन्याला हजारेक किलोमीटर, गाव कोकणात, असं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही जाता जाता विचारलंय, "गावी घरच्या साध्या प्लगवर चार्ज होईलच ना?"

होईलच असं नाही. आमची झाली नव्हती.

आधी पैशाचं उरकते. घरच्या विजेला युनिटमागे दहा रुपये धरा. एवढी मोठी गाडी माणसं भरून युनिटला साधारण सहा किलोमीटर जाते, म्हणजे हजार किलोमीटरला सतराशेच्या आसपास. तेवढीच डिझेल गाडी सात हजार खाते. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस-बावीस रुपये, वर १८ टक्के जीएसटी, की फायदा निम्म्यावर आला. म्हणून आपल्या पार्किंगमध्ये आपल्या मीटरवरचा पॉइंट मिळत नसेल तर ही गाडी घेऊ नका. सोसायटीचं नंतर बघू म्हणून बुकिंग तर अजिबात करू नका. जुने व्हिडिओ बघून तुलनाही करू नका, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या डिझेल गाड्यांवरचा कर, जो सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा, तो ४० झालाय. इलेक्ट्रिकवर आधीही ५ होता, आताही ५च आहे.

आता गावचं. आमचं घर देवरुखजवळ. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या गणपतीत मी मोदकांसाठी फ्रीजमधलं खोबरं काढायला गेले, हात ओले होते, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. हातातलं पातेलं पडलं. सासूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, चप्पल घालून उघडायचा तो. आम्ही सगळे तसंच करतो." फ्रीजशेजारी रबरी चपलांचा एक जोड खरंच ठेवलेला होता. मी त्याच दिवशी म्हटलं की वायरमन बोलवू, अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी) गेलेलं दिसतंय. मोठे भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय. तुम्हालाच कसा लागतो शॉक?" नवरा गप्प बसला. त्यानंतर बारा वर्षं मी दर गणपतीत हा विषय काढला आणि दर वेळी मला हेच ऐकवण्यात आलं की गावची वीज अशीच असते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गणपतीला, आम्ही नवी इलेक्ट्रिक घेऊन गेलो. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. सहा माणसं, डिकी गच्च, पाऊस, एसी चालू. चिपळूणजवळ चार्जरला रांग होती, म्हणून ठरवलं की घरीच लावू. पोचलो तेव्हा ३१ टक्के उरले होते. पडवीतल्या पंधरा अँपियरच्या प्लगला गाडीसोबत आलेला चार्जर लावला तर लाल दिवा. काढून परत लावला, पुन्हा लाल. ओटीवरचा प्लग, स्वयंपाकघरातला प्लग, सगळीकडे तेच. भाऊजी म्हणाले की गाडीच बिघडलेली आहे, म्हणून मी डिझेल घ्या म्हणत होतो.

चार्जर बिघडलेला नव्हता. या चार्जरना अर्थिंग नीट मिळालं नाही तर ते करंट सोडतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ओल्या अंगणात उभ्या असलेल्या लोखंडाच्या गाडीला लहान मूल हात लावणार असतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला धरली. बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. बोर्ड उघडला तर तिसरी, हिरवी वायर आत नुसतीच वळवून ठेवलेली होती, कुठेच जोडलेली नाही. मग खड्डा. आमच्याकडे जांभा, पहार मारली की ठिणगी उडते, आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग चांगलं मिळतही नाही. म्हणून त्याने न्हाणीचं पाणी जिथे मुरतं ती जागा निवडली. आठ फूट खोल, पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. घरभर अर्थची नवी वायर आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. सगळे मिळून साडेअकरा हजार झाले, ते मी दिले. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. रात्रभरात साधारण तीस युनिटं भरली, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर.

त्या रात्री भाऊजी आले-गेलेल्यांना सांगत होते की गाडीसाठी अर्थिंग करून घ्यावं लागलं. गाडीसाठी! बारा वर्षं त्या घरात बायका ओल्या हातांनी फ्रीज उघडत होत्या, आणि खड्डा खणला गेला तो गाडीला शॉक लागू नये म्हणून. मी तेव्हा सणासुदीला बोलले नाही, इथे बोलते आहे. घर तुमच्या वडिलांचं असेल तर गाडीच्या आधी त्याचं वायरिंग करा, आणि घरातली एखादी बाई शॉक लागतो म्हणत असेल तर त्याच आठवड्यात वायरमन आणा. साडेअकरा हजारांचं काम होतं हो.

राहिलेलं थोडक्यात. कागदावरच्या रेंजला भुलू नका. एका चार्जवर टाटाची हॅरियर ईव्ही ६२७ किलोमीटर म्हणते, महिंद्राची एक्सईव्ही ९ई ६५६ म्हणते, तुम्ही पाऊण पटच धरा. टोल माफी एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे, तुमच्या वाटेवरच्या खेड-शिवापूरला आणि आणेवाडीला पैसे कापले जाणारच. बॅटरीची आयुष्यभराची हमी पहिल्या मालकापुरती असते, त्यामुळे चार-पाच वर्षांत विकायचा विचार असेल तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही. सहा माणसं म्हणता, तर सात सीटची गाडी बघताना तिसऱ्या रांगेत आईवडिलांना नाही, तुम्ही स्वतः अर्धा तास बसून बघा. मी पाच सीटची घेतली आणि मुलांना दाटीवाटीने बसवते, ते चूकच आहे, तसं करू नका.

आणि गावी जाल तेव्हा टेस्ट लॅम्प सोबत न्या. होल्डर, बल्ब आणि दोन वायरी, शंभर रुपयांत होतो. लावायचं काम मात्र वायरमनलाच सांगा.