एसएसबीत पाठ केलेल्या कथा लिहाव्यात का?

क्लासने टॅटच्या (चित्र पाहून लिहायच्या) कथा आणि वॅटची (शब्द पाहून लिहायची) वाक्यं पाठ करून घेतलीत, भोपाळला एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांतले अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, तीच लिहू का, असं तू विचारलंयस. माझं स्पष्ट मत आहे, लिहू नकोस.

वॅटमध्ये ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. 'फेल्युअर' आला की मुलं 'अपयश ही यशाची पहिली पायरी' याच धाटणीचं काहीतरी इंग्रजीत उतरवतात. ते वाचून मानसशास्त्रज्ञाला तुझ्याबद्दल काय कळणार?

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाच्या जवळजवळ प्रत्येक कथेत नायक पुरातून गाव वाचवायचा. पीआयक्यू फॉर्ममध्ये, म्हणजे स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये, मात्र खेळ, एनसीसी, जबाबदाऱ्या, सगळे रकाने कोरे. खोदून विचारलं तेव्हा कळलं की हा रोज पहाटे डेअरीला दूध घालून कॉलेज गाठतो, आणि डेअरीने फॅट कमी लावली तेव्हा गल्लीतल्या लोकांना घेऊन सचिवाला जाब विचारायला हाच गेला होता. यातलं अक्षरही त्याच्या कागदावर नव्हतं! उसन्या शौर्यापायी स्वतःचं खरं कर्तृत्व झाकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पाठ करून रेकमेंड झालेला, म्हणजे निवडला गेलेला, एखादा तुला भेटेलही. पण तिथे मानसशास्त्रज्ञ, जीटीओ (मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी) आणि मुलाखत घेणारा अधिकारी तुला वेगवेगळे जोखतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. कागदावर पूर थोपवणारा मैदानावर ग्रुपच्या मागे उभा राहिला, तर ते लपत नाही.

खरं लिही म्हणजे मनातली सगळी भीती ओतून ये, असं नाही. सेल्फ डिस्क्रिप्शनमध्ये आई-वडील, शिक्षक, मित्र तुझ्याबद्दल काय म्हणतात ते लिहायचं असतं. ते आताच त्यांना विचारून घे. आई म्हणाली, 'चिडका आहेस', तर तेही लिही आणि त्यावर तू खरोखर काय करतोयस ते लिही. काहीच करत नसशील तर आजपासून कर, अजून वेळ आहे.

सराव भरपूर कर, पण वेगाचा. एसआरटीचे, म्हणजे 'अशा वेळी तू काय करशील' ते लिहायच्या चाचणीचे, ६० प्रसंग ३० मिनिटांत उरकायचे असतात, तिथे हात चालायला हवा. टॅटला चित्र ३० सेकंद दिसतं, लिहायला ४ मिनिटं, आणि शेवटचं कार्ड कोरं. त्या कोऱ्या कार्डासाठी स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग निवडून ठेव, आणि पीआयक्यू एकदा घरी भरून मला दाखव.