‘मॅडम, मी जास्तच मनावर घेते का?’

मी समुपदेशक. गेल्या बारा-तेरा वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की समोरच्याने ‘मी’ म्हटलं की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. मणिपूरच्या नर्सने तो विचारला, सुदानहून पुण्यात बी.कॉम. करायला आलेल्या मुलाने विचारला. म्युनिकहून ऑनलाइन बोलणाऱ्या आपल्या कोथरूडच्या इंजिनिअरनेही विचारला. (हॉस्टेलवर असताना ईशान्येकडच्या मुलांना तो स्वतः काय हाका मारायचा, ते त्याला तिसऱ्या भेटीत आठवलं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) कोणी रंगावरून, कोणी तोंडावळ्यावरून टोमणे खाल्लेले असतात. पण माझ्याकडे येताना तक्रार टोमणे मारणाऱ्याची नसते, स्वतःचीच असते.

त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. तिचं नाव देत नाही आणि बदललेलंही देत नाही, कारण लोकांनी तिचं नाव आधीच पुरेसं बदललंय.

ती अरुणाचलची, सियांग नदीच्या काठच्या गावातली. कॉलेजसाठी पुण्यात आली आणि खराडीच्या एका कंपनीत नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात टीम लीड म्हणाला, ‘तुझं नाव जिभेला जमत नाही, तुला पिंकी म्हणू.’ कोपऱ्यातून कोणीतरी ‘चिंकी’ म्हटलं आणि सगळे हसले. तीही हसली. दीड वर्ष ती पिंकी होती. माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा.

पहिल्या भेटीत मी काय केलं, तेही सांगायला हवं. तिचं बोलणं ऐकून मी कौतुकाने म्हटलं, ‘तुझं हिंदी किती छान आहे गं! कुठे शिकलीस?’

‘घरी,’ ती म्हणाली. आणि हसली.

अरुणाचलमध्ये इतक्या जमाती आणि इतक्या भाषा आहेत की बाजारात, शाळेत, शेजारी-शेजारी हिंदीच चालते. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही कळलं नव्हतं. ते हसू मी वहीत ‘मोकळी होतेय’ असं टिपून ठेवलं.

माझी बैठक अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर पक्की झालेली आहे. प्रसंग आपल्याला जेवढा छळतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलचा आपला आग्रह छळतो, हे मी शेकडो जणांच्या बाबतीत पाहिलंय. तेव्हा तिचं निदान माझ्या डोक्यात तयारच होतं. हिला सगळ्यांची पसंती हवी आहे, म्हणून ही अपमान गिळून हसते. दोन भेटी मी त्याच वाटेने गेले. सगळ्यांना आपण आवडलोच पाहिजे असं कुठे आहे, वगैरे. ती मान डोलवायची, दिलेला गृहपाठ करून आणायची, आणि रविवारचा गोळा जागच्या जागी असायचा.

चौथ्या भेटीत मी जरा वैतागूनच विचारलं, ‘पण तू हसतेस का? तिथे नाही हसलीस तर काय होईल?’

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला निदो तानिया माहीत आहे?’

माहीत होतं, बातमीपुरतं. जानेवारी 2014, दिल्लीतलं लाजपतनगर. अरुणाचलचा हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात गेला, त्याच्या केसांवरून चेष्टा झाली, त्याने उलट उत्तर दिलं, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या घटनेनंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अशा तक्रारींचा विचार करायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली.

‘तेव्हा मी शाळेत होते,’ ती म्हणाली. ‘टीव्ही बंद करून आई म्हणाली, तू पुढे बाहेर शिकायला जाशील. कोणी काही बोललं तर हसायचं आणि चालू लागायचं. उत्तर द्यायचं नाही. मी इथे आले तेव्हा बॅग भरतानाही तिने तेच सांगितलं.’

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. ज्याला मी दुबळेपणा समजत होते, ती एका आईने मुलीला दिलेली ढाल होती. आणि मी दोन आठवडे ती ढाल तिच्या हातातून काढून घेत होते, तिच्या जागी काहीच न देता.

हे कळल्यावर वाट सरळ झाली. ‘तुझं हसू चुकीचं नाही,’ मी म्हटलं. ‘रात्री अकरा वाजता रिक्षा स्टँडवर चार टवाळ पोरं मागे लागली, तर आई म्हणते तेच कर. पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुला मारायला कोणी येणार आहे का?’

‘नाही.’

‘मग तिथे ते हसू कशाला वापरतेस?’

ती हसली नाही. मग तिने जे विचारलं, ते मला अजून आठवतं. ‘आणि इथे? इथे वापरायचं की नाही?’

‘इथे कशाला लागेल?’

‘तुम्ही माझ्या हिंदीचं कौतुक केलं होतं. तुमच्या हिंदीचं कोणी करतं का?’

खरं सांगते, आधी मला रागच आला. पंचवीस वर्षं या खुर्चीत बसणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यायची सवय नसते. मग लक्षात आलं की पुण्यात आल्यापासून तिने पहिल्यांदा कोणालातरी तोंडावर उत्तर दिलं होतं, आणि ते मला दिलं होतं. ते कुठेतरी आधी द्यावं लागणारच होतं, आणि माझी खोली त्यासाठी बरी जागा होती. मी माफी मागितली आणि तिचं नाव नीट म्हणायला शिकवायला सांगितलं. चार प्रयत्न लागले. त्या दिवशीची फी घ्यावी की नाही, हा प्रश्न मला पडला होता. घेतली.

तेव्हापासून ‘जास्त मनावर घेते का’ या प्रश्नाला मी उत्तरच देत नाही. त्याचं माप कोण ठरवणार? बोलणाराच ठरवतो, ‘अगं गंमत केली’ म्हणून. त्याऐवजी मी विचारते, हे कुठे झालं, कोणासमोर झालं, आणि तुला तिथे नेमकं काय बदलून हवंय? रस्त्यावर हवी असते सुखरूप सुटका. ऑफिसात हवं असतं स्वतःचं नाव. शेजाऱ्याशी रोजचं तोंड बघायचं असतं, तिथे कधी वाद परवडतो, कधी नाही. अपमान एकच असला तरी या तिन्ही जागी उत्तर एक नसतं. एलिसचा विचार मी सोडलेला नाही. ‘जगाने मला कधीच दुखवता कामा नये’ हा आग्रह सोडायचाच. पण ‘या टीमने मला माझ्या नावाने हाक मारावी’ ही मागणी सोडायची नाही, ती नीट मांडायची.

ऑफिसचं तिने कसं केलं, त्याचं श्रेय मी घेणार नाही (थोडं घेते). टीममध्ये लातूरचा एक मुलगा होता. त्याच्या बोलीची नक्कलही चहाच्या वेळी व्हायची. मी सुचवलं की टीम लीडशी भांडण्याआधी एक माणूस आपल्या बाजूला घे. मला वाटलं होतं, ती त्याला आपल्यासाठी बोलायला सांगेल. तिने मागितलं फक्त एवढंच, ‘पुढच्या वेळी तू हसू नकोस.’

तो हसला नाही. टोमणा मारणाऱ्याला टाळी देणारं कोणीतरी लागतं. सहा जणांत एक गंभीर तोंड बसलं की बाकीचे चुळबुळायला लागतात. त्या शांततेत तिने स्वतःचं नाव सांगितलं, दोनदा, सावकाश. संध्याकाळी टीम लीडला मेल टाकली, एचआरला प्रत जोडून. तारखा, शब्द आणि त्या वेळी कोण हजर होतं, हे सगळं तिने महिनाभर लिहून ठेवलं होतं. ही वही मी सगळ्यांना ठेवायला लावते. ‘मला सतत त्रास देतात’ या वाक्याला एचआर ‘बघू’ म्हणतं, सात तारखांना तसं म्हणता येत नाही.

कॉलेजातल्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2016 मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. वंश, रंग, भाषा, प्रादेशिक मूळ यांवरून दिलेला मानसिक त्रास आणि वाळीत टाकणंही आता त्यात येतं. 1800-180-5522 ही तक्रारीची हेल्पलाइन आहे. मार्च 2020 मध्ये हिला कॉलेजच्या जिन्यात ‘कोरोना’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलांवर तेव्हाही तक्रार करता आली असती. कॉलेजबाहेर मात्र हात जरा तोकडे पडतात. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये ‘वंश’ हा शब्द आहे, पण खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकाला ते कलम थेट विचारू शकत नाही. आणि वंशद्वेषी शेरेबाजीसाठी वेगळं कलम असावं, ही बेझबरुआ समितीची शिफारस 2014 मध्येच आली, तसं वेगळं कलम आजही नाही.

घराचं दुखणं उरलंच. ती आंबवलेले बांबूचे कोंब घालून डुकराचं मटण शिजवायची आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘वासा’ची चर्चा व्हायची. मी तिला माझी हकिकत सांगितली. मी मालवणची. लग्नाआधी पेठेत खोली घेऊन राहायचे, तेव्हा एकदा सुके बोंबील भाजले आणि मालकांनी आठ दिवसांत खोली सोडायला लावली. सांगताना मला वाटत होतं, आपण दोघी एका बोटीत आलो. ती ऐकून म्हणाली, ‘मग तुम्ही बोंबील भाजायचं बंद केलंत?’

‘केलं की.’

‘मी कोंब बंद केले तर माझा चेहरा मराठी होईल?’

म्हणून आता ती बोंबलांची गोष्ट मी सांत्वन म्हणून कोणाला सांगत नाही.

मागच्या दिवाळीनंतर तिने जागा बदलली. नव्या मालकीणबाईंनी दोन महिन्यांचं डिपॉझिट जास्त मागितलं. तिने कारण विचारलं. ‘बाहेरच्या लोकांकडून आम्ही घेतोच.’ ‘लातूरच्या मुलाकडूनही घेता?’ बाई गप्प झाल्या. पण डिपॉझिट कमी झालं नाही. ऑफिस जवळ होतं म्हणून तिने भरलं. हे सांगताना ती खूप हसत होती. हे हसू कोणतं, ते मी विचारलं नाही.