मूठ उघडताना जोर नको

प्रश्न : बाबांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. सुरुवातीला हात अगदी लुळा होता. आता कोपर छातीशी दुमडतं, मूठ घट्ट वळते आणि टाच जमिनीला टेकत नाही. मी रोज जोर लावून बोटं सरळ करते, पण ती लगेच मिटतात. दाबायला चेंडूही दिला आहे. हात असाच आखडून जाईल का?

उत्तर : ताई, आधी तो जोर थांबवा. तुमची तळमळ कळते, पण मेंदूचा आवर सुटलेला स्नायू हिसका बसला की उलट जास्त आकसतो. तोच सावकाश ताणला तर सैल पडतो. लुळा हात काही आठवड्यांनी घट्ट होऊ लागणं हे आम्ही नेहमी पाहतो. खरी भीती पुढची आहे. महिनोन्महिने दुमडलेला राहिलेला स्नायू कायमचा आखूड होतो, सांधा जखडतो आणि मग तो मोकळा करणं फार कठीण जातं. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

मूठ अशी उघडा. बाबांचं कोपर उशीवर टेकवा. मनगट आधी तळव्याच्या बाजूला वाकू द्या, म्हणजे बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांवरचा ताण कमी होतो. मग अंगठा बुडाशी धरून बाहेर काढा, टोकाला धरून ओढू नका. अंगठा सुटला की बोटंही बरीचशी सुटतात. ती उलगडली की तुमचा तळवा त्यांच्या तळव्याला लावा आणि आता मनगट हळूहळू वर आणा. जिथे अडेल तिथे अर्धा मिनिट तरी थांबा. हाताखालचा ताठरपणा उतरताना तुम्हालाच जाणवेल. पंचवीस वर्षं मी फिजिओथेरपी करते, तरी तेवढ्यासाठी मी अजूनही श्वास रोखून थांबते. मूठ उघडलीच आहे तर तळवा धुऊन नीट कोरडा करा, नखं कापा. बंद मुठीत कातडी ओली राहून चिघळते.

पण नुसतं ताणून भागत नाही. उरलेला सगळा दिवस हात कसा ठेवता, त्याला काय काम देता, हे जास्त महत्त्वाचं. बसल्यावर हात मांडीत पडू देऊ नका. टेबलावर कोपर थोडं पुढे घेऊन तळवा उघडा ठेवा. बाटलीचं झाकण उजव्या हाताने फिरवताना डाव्याने ती धरू द्या, नाही जमलं तर तुमचा हात वरून ठेवा. चेंडू मात्र बंद करा. मिटणारे स्नायू आधीच जास्त ओढताहेत, सराव हवा तो सोडण्याचा.

टाचेसाठी आधाराने उभं राहण्यासारखा व्यायाम नाही. टाच खाली टेकली की त्यांचंच वजन पोटरी ताणतं. उठवताना डावा हात ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. दुबळा खांदा खाली सरकतो, दुखतो, आणि दुखलं की ताठरपणा वाढतो.

एका आजोबांचा पाय असाच एका आठवड्यात लाकडासारखा कडक झाला होता. घरचे व्यायामाला दोष देत होते. मी मोजा काढला, तर अंगठ्याचं नख मांसात रुतून पिकलं होतं. पायाला जाणीव कमी, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. उपचार झाल्यावर पाय बराच सैलावला. म्हणून ताठरपणा अचानक वाढला तर नखं, जखमा, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ हे आधी बघा आणि डॉक्टरांना सांगा.

एवढं करूनही मूठ उघडेनाशी झाली तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनबद्दल विचारायला कचरू नका. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, आणि हात वापरायला लावण्याची हीच वेळ असते. ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. तिच्यामुळे झोप फार येत असली तरी आधी डॉक्टरांशी बोला.