'सरवा' म्हणजे उभं पीक नव्हे

प्रश्न असा: काढणी न होता रानातच राहिलेल्या पिकाला 'सरवा' म्हणता येईल का?

नाही. ताटं, म्हणजे पिकाची धाटं, जमिनीत उभी आहेत तोवर ते 'उभं पीक'. काढणी उरकून माल खळ्यावर गेल्यावर रानात जे चुकूनमाकून मागे राहतं, तो 'सरवा'. शब्द पुल्लिंगी: सरवा वेचला, सरव्याची ज्वारी, सरव्याला गेल्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-मोहोळकडची रब्बी ज्वारी पाहिली की अर्थ लगेच उलगडतो. इथं ज्वारी मुळासकट उपटतात, म्हणून 'कापणी' न म्हणता 'काढणी' म्हणतात. उपटलेली ताटं ओळीनं आडवी टाकायची, वाळली की कणसं मोडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. यात ठेंगण्या ताटाचं कणीस लांब ताटांखाली दडतं, लोळलेल्या ताटाचं मातीत रुततं, वाळकं कणीस हात लागताच तुटून पडतं. पेंढ्या उचलल्या की ही कणसं उघडी पडतात. ती वेचायची, तीही रानात जनावरं सोडण्याआधी. भुईमुगाचा सरवा मात्र खुरप्यानं उकरावा लागतो. जमीन आवळली असली की वेल उपटताना देठ तुटतात आणि शेंगा मातीतच राहतात.

खळ्यावर मातीत मिसळलेलं धान्य म्हणजे 'मातेरं'. त्याला सरवा म्हणू नये, सरवा रानातलाच. 'खोडवा' हा शब्दही इथं ओढून आणू नये. ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांतून फुटणारं ते पुढचं पीक. कारखाना बंद झाला आणि तोड मिळाली नाही, तर तो 'शिल्लक उभा ऊस'.

उरली मधली अवस्था: पीक काढलंय, पण रानातच वाळत पडलंय. याला एकच असा शब्द नाही. 'काढून पडलेली ज्वारी' असं सरळ म्हणावं. पंचनाम्यात हा फरक मोलाचा ठरतो. 2016 साली आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ नियमांत उभ्या पिकाचं नुकसान वेगळं धरलं होतं आणि काढून शेतात सुकत ठेवलेल्या पिकाचं वेगळं. दुसऱ्यासाठी काढणीपासून 14 दिवसांची मर्यादा होती.

तेव्हा 'गारपिटीनं सरवा झोडपला' हे वाक्य चूक. 'उभी ज्वारी झोडपली' किंवा 'काढून पडलेली ज्वारी भिजली', यातलं जे घडलं असेल ते लिहावं.