वाचकांचे प्रश्न : उन्हाने उमटणारी निळी चित्रे

प्रश्न : प्रकाशसंवेदी कागदावर पिंपळाचे पान ठेवून उन्हात छाप काढला, परंतु धुताना निळा रंग वाहून गेला आणि कडाही पुसट आल्या. असे का झाले?

उत्तर : रंग वाहून जाण्याचे कारण बहुधा अपुरे ऊन हेच असावे. या कागदावर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचा लेप असतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्यातील लोहात बदल होऊन पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा रंग तयार होतो, आणि जेथे किरण पोहोचत नाहीत तेथील लेप धुतला जातो. म्हणून उघडा भाग निळसर दिसू लागताच कागद उचलू नये. त्याला करडी-तपकिरी झाक येईपर्यंत थांबावे. पान उचललेले राहिल्यास खाली तिरपे ऊन शिरते आणि कडा पुसट येतात, तेव्हा पान आधी वहीत दाबून सुकवावे आणि वर साधी काच ठेवावी. धुताना साबण किंवा सोडा मुळीच वापरू नये, कारण अल्कलीने हा निळा रंग उडतो. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीने वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून शैवालांचे छाप प्रसिद्ध केले; त्यांतील नाजूक तंतू अवश्य पाहावेत.