आधी बघायला शिकवा: रायडिंग इन्स्ट्रक्टर घडवणाऱ्यांचे आणि घडणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी एका रायडिंग स्कूलमध्ये सीनियर ट्रेनर आहे. माझ्या हाताखाली एक मुलगी इन्स्ट्रक्टर म्हणून तयार होतेय. स्वतः घोड्यावर बसली की नुसतं बघत राहावं अशी बसते, पण शिकवायला उभी राहिली की तोंडाचा पट्टा सुरू. टाच खाली, नजर वर, खांदे मागे, हात सोड, पाय लाव... एका फेरीत दहा सूचना. मुलं गोंधळतात, घोडे वैतागतात. कमी बोल म्हटलं की दोन दिवस गप्प असते, मग परत तेच. काय करू?

उत्तर: "कमी बोल" म्हणून कुणी कमी बोलत नसतं हो. ती इतकं बोलते कारण समोर जे काय चाललंय त्यातलं नेमकं महत्त्वाचं काय हे तिला अजून निवडता येत नाहीये, मग दिसेल ते सगळं बोलून मोकळी होते. तिच्या बोलण्यावर काम करत बसाल तर वर्ष जाईल, आधी तिच्या बघण्यावर काम करा.

पुढचे काही दिवस तिला शिकवायलाच लावू नका. दुसऱ्या कुणाचा तरी क्लास चालू असताना अरीनाच्या कडेला तुमच्या शेजारी उभी करा आणि विचारा, काय दिसतंय? ती बहुतेक हाताने किंवा टाचेने सुरुवात करेल, सगळे तिथूनच करतात. तिला क्रम लावून द्या, आधी घोडा. चालीचा ताल सारखा आहे का, वॉकमध्ये (साध्या चालण्यात) टापांचे चार ठोके ऐकू येतात का, ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) दोन, कँटरमध्ये (हलक्या दौडीत) तीन, पाठ मोकळी आहे की ताठ, कान कुठे, शेपूट सारखी फटकारतोय का. मग रायडरची बैठक, म्हणजे कंबर घोड्याबरोबर हलतेय की अडून बसलीय. हात आणि पाय सगळ्यात शेवटी, कारण त्यांच्या बऱ्याच चुकांचं मूळ वर बैठकीतच सापडतं.

टाचेचंच घ्या. टाच वर जातेय म्हणून "टाच खाली" असं महिनाभर ओरडता येतं, काही होत नाही. टाच वर का जातेय? रिकीब लांब झालीय म्हणून पोरगं पायाच्या बोटांनी ती शोधत असेल, किंवा घाबरून गुडघ्याने खोगीर आवळत असेल, किंवा खोगीरच त्याला पुढे ढकलत असेल. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, एकात रिकीब दोन भोकं वर घ्यायची, दुसऱ्यात वॉकवर येऊन श्वास सोडायला लावायचा, तिसऱ्यात खोगीर बदलायचं. तुमच्या मुलीला प्रत्येक चुकीमागे निदान दोन कारणं सांगायला लावा आणि त्यातलं कुठलं खरं हे ती कसं तपासेल तेही विचारा. हा खेळ तिला आवडेल, चांगल्या रायडरना आवडतोच.

मग शिकवायला उभी राहील तेव्हा एकच नियम द्या, एक सूचना दिली की एक पूर्ण वर्तुळ गप्प. २० मीटर व्यासाच्या वर्तुळाचा घेर साधारण ६३ मीटर होतो, ट्रॉटमध्ये तो पंधरा-वीस सेकंदात संपतो. शिकवणाऱ्याला ते वीस सेकंद फार लांब वाटतात पण घोड्यावरच्या माणसाला तेवढे लागतातच, त्याला आधी ऐकायचंय, मग समजून घ्यायचंय, मग अंगात उतरवायचंय, आणि खाली एक अख्खा जिवंत प्राणी हलतोय.

शब्दांचंही बघा. शरीराच्या अवयवाकडे लक्ष वळवण्यापेक्षा त्या हालचालीचा परिणाम काय होतो तिकडे लक्ष वळवलं तर शिकणं जास्त चांगलं होतं असं हालचाली शिकण्यावरच्या बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. म्हणजे "हात स्थिर ठेव" ऐवजी "दोन्ही लगामांचा ताण सारखा लागतोय का बघ". "नजर वर" ऐवजी "समोरच्या अक्षरापाशी (अरीनाच्या कडेला खुणेसाठी लावलेली अक्षरं असतात त्यातल्या एकापाशी) कोण उभं आहे सांग". ही भाषांतरं तिने स्वतः करायची, तुम्ही तयार करून देऊ नका.

आणि एक थोडा खट्याळ उपाय. चांगला रायडर हे विसरलेला असतो की आपल्याला एकेकाळी काहीच येत नव्हतं. तिला ठोकळ्यावरून पण उजव्या बाजूने घोड्यावर चढायला लावा. आयुष्यभर डावीकडून चढलेल्या माणसाची पाय कुठला टाकायचा इथपासून फजिती होते. (शांत घोडा घ्या, आणि त्यालाही त्या बाजूची आधी सवय करून द्या, नाहीतर फजिती भलतीकडेच जाईल.) ती धडपडत असतानाच तुम्ही तिच्याच स्टाइलमध्ये दहा सूचना द्या. नंतर काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न: मी सहा महिन्यांपूर्वी शिकवायला सुरुवात केली. माझे मेंटर सर खूप जाणकार आहेत, मनापासून शिकवतात, पण माझ्या क्लासमध्ये कुंपणापाशी उभे राहून मधेच ओरडून माझ्या विद्यार्थ्यांना करेक्शन देतात. मग मुलं माझ्याकडे बघतच नाहीत. सरांना कसं सांगू? उद्धटपणा वाटेल.

उत्तर: अजिबात उद्धटपणा नाही, पण क्लास संपल्यावर रागात सांगू नकोस. क्लासच्या आधी सरांना काम दे. "सर, आज मी डायगोनल, म्हणजे ट्रॉटमध्ये घोड्याच्या खांद्याच्या तालावर उठणं-बसणं शिकवणारे, मुलांना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना उठणं जमतंय का आणि न जमणारी मुलं माझ्या नजरेतून सुटतायत का एवढंच तुम्ही बघाल का?" असं विचार. नेमकं काम मिळालं की कुंपणावरचा माणूस आपोआप गप्प होतो, मोकळ्या हाताने उभं राहिलेल्या जाणकाराला मात्र राहवत नाही, त्याचाही काही दोष नसतो.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका, सरांनी मधे पडायचं ते फक्त धोका असेल तर. खोगीर बांधायचा पट्टा (तंग) ढिला झालाय, दोन घोड्यांमधलं अंतर लाथ बसेल इतकं कमी झालंय, कुणाचा पाय रिकिबीत अडकलाय, अशा वेळी त्यांनी हाक मारलीच पाहिजे, आणि तेव्हा क्लास पूर्णपणे त्यांचा, तू दोन पावलं मागे. धोका टळला की त्यांनी "तुझा क्लास" म्हणून परत द्यायचा. दोघं एकाच वेळी बोलतायत हे घोड्यावर बसलेल्या नवख्यासाठी सगळ्यात वाईट.

बाकी सगळं नंतर. आणि सरांपर्यंत हा अंक पोचला तर त्यांच्यासाठीही लिहून ठेवते: क्लासनंतर पहिलं बोलणं शिकणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं असू द्या. तुला काय दिसलं, तू काय ठरवलंस, त्यानंतर घोड्यात किंवा रायडरमध्ये काय बदललं? या तीन प्रश्नांवर तिचं बोलून झालं की मग तुमची वही उघडा, आणि वहीतही तिची वाक्यं कमी आणि विद्यार्थ्यांनी काय केलं ते जास्त लिहिलेलं असू द्या. "तू छान बोललीस" याने तिचं काही भलं होत नाही, "निळ्या हेल्मेटवाला मुलगा तीन फेऱ्या चुकीच्या डायगोनलवर होता, तुझं लक्ष तेव्हा कुठे होतं?" याने होतं.

प्रश्न: मी मोठ्या स्पर्धा कधी जिंकल्या नाहीत. तरी कोच होता येईल का?

उत्तर: येईल. अट एकच, ज्या घोड्यावर विद्यार्थ्याला बसवताय त्यावर तुम्हाला नीट बसता आलं पाहिजे आणि जे शिकवताय ते अंगाने माहीत पाहिजे. त्यापुढची पातळी शिकवायची वेळ आली की विद्यार्थी दुसऱ्याकडे पाठवायचा, त्यात कमीपणा नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये शिकाऊ रायडरला सुरुवातीला लंजच्या दोरीवर (शिकवणारा मधे उभा राहून लांब दोरीने घोडा गोल फिरवतो), रिकिबी आणि लगाम न देता बसवून बैठक घडवतात, तेही अनुभवी घोड्यांवर, आणि पुढे जाऊन तोच रायडर नवा, कोवळा घोडा घडवतो. हे ज्ञान पिढ्यानपिढ्या बरंचसं तोंडीच पुढे गेलंय, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते २०१५ मध्ये आलं. तिथे कुणाला मेडल मिळालं म्हणून शिकवायला घेत नाहीत, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नजरेखाली काढलेली असतात म्हणून घेतात.

प्रश्न: माझ्या हाताखालच्या नव्या इन्स्ट्रक्टरच्या क्लासमध्ये एक विद्यार्थिनी पडली. फार लागलं नाही, पण हा मुलगा आता इतका घाबरलाय की सगळ्यांना वॉकवरच फिरवतो. आणि त्या दिवशी त्याने तिला लगेच उठवून परत घोड्यावर बसवलं होतं, आम्हालाही आमच्या वेळी तसंच शिकवलेलं. ते बरोबर होतं का?

उत्तर: नाही, आणि ही जुनी सवय आता सोडायला हवी. पडल्यावर लगेच बसवलं नाही तर भीती कायमची बसते हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की कुणी तपासतच नाही. पहिलं काम, बाकीचे सगळे घोडे थांबवायचे. सुटलेला घोडा दुसऱ्या कुणीतरी धरायचा, इन्स्ट्रक्टरने पडलेल्या माणसाकडे जायचं. त्याला ओढून उभं करायचं नाही, हेल्मेट उपटून काढायचं नाही, आधी बोलायचं, मानेत-पाठीत दुखतंय का विचारायचं. डोक्याला मार बसल्याची शंका जरी असली, चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, गोंधळलेलं बोलणं यातलं काहीही, तर त्या दिवशी घोडा बंद आणि डॉक्टरकडे. ठोका बसलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, कारण आतला धक्का शोषणारा थर एकदा दबला की दबला. हा सगळा क्रम कागदावर वाचून येत नाही, रिकाम्या अरीनात नाटक करून घ्या, कुणीतरी पडलेला, कुणीतरी सुटलेला घोडा.

आता तुमचा मुलगा. त्याच्याकडून क्लास काढून घेऊ नका, पण काही दिवस त्याला लंजवरचे एकेकट्याचे क्लास द्या, एक घोडा, एक रायडर, दोरी त्याच्या हातात, ताबा परत आल्यासारखा वाटेल. आणि त्या पडण्याबद्दल एकदा शांतपणे बसा. चूक कुणाची हे विचारू नका, पडण्याआधीच्या मिनिटाभरात घोडा काय सांगत होता ते आठवायला लावा. मान वर गेली होती का, पावलं आखडली होती का, एक कान कोपऱ्यातल्या कशाकडे तरी लागला होता का? बहुतेक वेळा काहीतरी आठवतंच. तसं काही आठवलं तर पुढच्या वेळी काय बघायचं हे त्याला कळतं, आणि मग सगळ्यांना वॉकवर कोंडून ठेवायची गरज त्याला स्वतःलाच वाटत नाही.

प्रश्न: वजन जास्त असलेल्या विद्यार्थ्याला "या घोड्यावर नाही" हे कसं सांगायचं? आमच्या नव्या इन्स्ट्रक्टर हे टाळतात, आणि घोडा सोसतो.

उत्तर: त्यांच्यावर सोपवू नका, हा नियम स्कूलचा असायला हवा. २००८ साली ओहायोमधल्या एका छोट्या अभ्यासात हलक्या जातीच्या घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून काम करून घेतलं, तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखणं, आखडणं ठळक दिसलं, म्हणून २० टक्क्यांची मर्यादा बरेच जण धरतात. म्हणजे ४५० किलोच्या घोड्यावर खोगिरासकट ९० किलो. घोडा म्हातारा, बारीक किंवा पाठीला कमजोर असेल तर त्याहून कमी धरा.

वजन नाव नोंदवतानाच विचारायचं, लहानमोठ्या सगळ्यांना, फॉर्मवर. मग प्रत्येक घोड्याचा आकडा तबेल्यात लावून ठेवा, आणि इन्स्ट्रक्टरला एवढंच म्हणायला शिकवा की "आज तुमच्यासाठी हा घोडा आहे". योग्य घोडा तुमच्याकडे नसेल तर ते फोनवरच सांगा, माणूस बूट घालून दारात उभा राहिल्यावर नको. आणि तोवर त्या माणसाला जमिनीवरून घोडा हाताळायला, चालवायला शिकवता येतंच की, तो क्लास कुठल्याही नव्या इन्स्ट्रक्टरने आनंदाने घ्यावा असा असतो.